ती प्रिंट तू विकली नव्हतीस

मधू,

तुझ्या शोकसभेत दिलीपने तुला माफ केलं. बाकी सगळं नंतर, आधी हे तुला कळू दे.

सभा त्याच्याच हॉलमध्ये झाली. आयसेलिनला, ओक ट्री रोडवरच्या त्याच्या दुकानाच्या वर. खुर्च्या त्याच्या, चहा त्याचा, तुझ्या फोटोचा हारही त्यानेच आणलेला. मंडळाचे अध्यक्ष बोलले, मग तो उठला. माइक हातात घेतला, एकदा तुझ्या फोटोकडे बघितलं. म्हणाला, "या भागात हिंदी सिनेमा आणला तो मधूने. आज माझ्या दुकानात भिंतभर कॅसेट आहेत, पण सुरुवात त्याची. आता माणूस म्हटला की एखादी चूक होते. त्याच्याकडूनही झाली. सगळ्यांना ठाऊक आहे, मी बोलत नाही. पण आज आपण ती मनातून काढून टाकू या. मी तर केव्हाच काढलीय."

लोकांनी माना डोलावल्या. माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "मन मोठं आहे हो दिलीपचं." मी चहाचा कप धरून बसून राहिलो. तुला शब्द दिला होता म्हणून उठलो नाही, असं घरी येईपर्यंत मी स्वतःला सांगत होतो. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटली. भरल्या सभेत, हातात ज्याचा चहाचा कप आहे त्याच्याकडे बोट दाखवायची भीती.

सभा संपल्यावर पार्किंगमध्ये तुझी रोहिणी माझ्या गाडीपाशी आली. कॉलेजातून तशीच निघून आलेली, अंगात तुझा तो तपकिरी स्वेटर. नलिनीवहिनी आत बायकांमध्ये अडकल्या होत्या. किल्ल्या या हातातून त्या हातात करत म्हणाली, "वसंतकाका, कॅन आय आस्क यू समथिंग? डिड ही सेल इट?"

"कोण म्हणतं असं?"

"एव्हरीबडी. मी मिडल स्कूलमध्ये होते तेव्हापासून. गणपतीच्या प्रोग्रॅमला सगळी मुलं म्हणायची, युवर डॅड स्टोल द मूव्ही." मग अगदी हळू म्हणाली, "इट्स ओके इफ ही डिड. आय जस्ट वाँट टू नो."

मी म्हणालो, "नाही गं. त्याने नाही विकली." तिने मान हलवली. शेजाऱ्याने 'तुझी भाजी छान झालीय' म्हटल्यावर आपण हलवतो तशी. माझ्यावर तिचा विश्वास बसला नाही, आणि का बसावा? इतकी वर्षं मी कुठे होतो?

मधू, तुझी मुलगी तुला चोर समजते. समजून घेऊन, माया करून, पण चोरच समजते. आणि ज्याने चोरी केली तो माइकवर तुला माफ करतो. मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. "हृद्य काहीतरी लिहा, आठवणीबिठवणी," म्हणाले. मी त्यांना सांगून टाकलंय, एक ओळ जरी कापलीत तरी सगळा मजकूर परत घेईन आणि झेरॉक्स काढून प्रत्येक घरी टाकीन. ते हसले. मी हसलो नाही म्हटल्यावर 'बरं' म्हणाले.

तर आठवणी.

एक्क्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास इथे अमेरिकेत आपला सिनेमा बघायचा म्हणजे काय होतं, ते आता नव्याने येणाऱ्यांना सांगूनही कळत नाही. न्यूयॉर्कचा वितरक सिनेमाची एकेक प्रिंट, म्हणजे सगळी रिळं, गावोगाव फिरवायचा. प्रिंट यायची बसने, पत्र्याच्या डब्यांतून, आणि बस स्टेशनवरचा माणूस आपल्याकडे असा बघायचा की डब्यात साप आहेत. तू रविवारपुरतं हायस्कूलचं सभागृह भाड्याने घ्यायचास. लोक पेनसिल्व्हेनियातून गाडी हाकत यायचे. मराठी, गुजराती, पंजाबी, मागे स्ट्रोलर, कुशीत झोपलेली पोरं. मला या देशात येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. दिवसभर पुलांचे गर्डर तपासायचे, संध्याकाळी घरी बायकोशी, शुभाशी बोलायचं, बाकी कुणाशी नाही. त्या पहिल्या रविवारी विनोदी नट पडद्यावर पाय घसरून पडला आणि अख्खं सभागृह एकदम हसलं. मी हसायचं विसरून माना वळवून लोकांकडेच बघत राहिलो. इतकी माणसं एकाच गोष्टीला एकाच वेळी हसतात, हे विसरायला झालं होतं मला. त्याबद्दल तुझे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

आणि त्याच दिवशी मध्यंतराचा तो गोंधळ. शाळेचा नियम असा की मशीनला हात शाळेचाच माणूस लावणार. म्हणजे स्टॅन, तिथला म्हातारा पोलिश केअरटेकर. त्याला हिंदीचं अक्षर कळत नव्हतं. शाळेत दोन प्रोजेक्टर होते, त्यामुळे एक रीळ संपलं की दुसरं न थांबता सुरू. प्रिंट इतकी झिजलेली की मूळची मध्यंतराची पाटी कधीच तुटून गेलेली. खाली कँटीनमध्ये शुभा आणि वहिनी समोसे तळून बसलेल्या, वर सिनेमा पुढे पळतोय, पोरांना बाथरूमला जायचंय, आणि बायकांचा हिरोपेक्षा तुझ्यावर राग. शेवटी तू बूथमध्ये धावत गेलास आणि स्टॅनने घाबरून मशीन बंद केलं ते नेमकं नायिकेच्या विषाच्या पेल्यापाशी. पंजाबी काका ओरडले, "ओये, पी लेने दो उसको!"

दुसऱ्या आठवड्यात तू ती पट्टी केलीस. सोळा मिलिमीटरच्या काळ्या फिल्मचा तुकडा घेतलास, भिंग लावलंस आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून सुईने एकेका चौकटीवर अक्षरं कोरलीस. करंगळीच्या नखाएवढी चौकट. प्रत्येक चौकटीत 'थांबा', आणि त्याखाली समोशाचा त्रिकोण. वहिनी म्हणाल्या, "याच्या डोळ्यांचं ऑपरेशन करावं लागलं तर तो समोसा डॉक्टरला दाखवा." पडद्यावर ती पट्टी आली तेव्हा अक्षरं थरथरत होती, समोसा नाचत होता, कारण दोन चौकटी सारख्या नव्हत्याच. सगळे खदखदून हसले. पुढे तर वेडच लागलं. पट्टी आली की गुजराती-पंजाबी पोरं, ज्यांना मराठीचा गंध नाही, एका सुरात ओरडायची, "थांबा!" स्टॅन बूथमधून "टांबा, टांबा" म्हणत दिवे लावायचा. मी तुला विचारलं होतं, "अरे, 'इंटरवल' लिहायचं ना, सगळ्यांना कळलं असतं." तू म्हणालास, "मी कोरतोय ना? मग माझ्या भाषेत थांबतील."

पट्टी प्रिंटमध्ये चिकटवायची आणि शो झाला की काढायची. प्रिंट परत जाताना ती आत राहता कामा नये. हा तुझा नियम होता आणि तो तू पाळायचास. एकदाच ती रात्रभर आत राहिली. माझ्यामुळे.

दिलीप तेव्हा तुझाच माणूस होता. दाराशी तिकिटं फाडायचा, लोकांना हसवायचा. छोटंसं किराणा दुकान नुकतंच टाकलं होतं. त्याने मिरजेहून आईला आणलं, आपण सगळे त्यांना माई म्हणायला लागलो, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्या बर्फावरून घसरल्या. खुबा मोडला. सभागृहाच्या खुर्चीत तीन तास बसणं शक्य नव्हतं. त्या रविवारी शो संपल्यावर दिलीप तुला म्हणाला, "मधू, आजची संध्याकाळ प्रिंट दे यार. मशीन मी मित्राकडून आणलंय. म्हातारी नुसती खिडकीबाहेर बघत बसते. घरच्या भिंतीवर दाखवतो तिला."

तू घुटमळलास. "सकाळी न्यूयॉर्कला परत जायचीय," म्हणालास. "आणि पट्टी काढायची राहिलीय."

तेव्हा मी मध्ये पडलो. "अरे दे, म्हातारी बाई आहे. मी डबे पोचवतो, सकाळी मीच उचलून आणतो. पट्टी मग काढ." तू माझ्याकडे बघून हसलास आणि डबे उचललेस. एवढंच झालं. सकाळी मी प्रिंट आणली, तू पट्टी काढलीस, डबे बसमध्ये टाकलेस आणि कामावर गेलास.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. थोड्याच दिवसांत त्या सिनेमाच्या कॅसेट घराघरांत निघाल्या. ओहायोला, डब्लिनमध्ये एकाने आपल्यासारखाच हॉल घेतला होता. त्याच्या शोला कुणी आलं नाही. सगळ्यांचा घरी बघून झालेला. चिडून त्याने ती कॅसेट वितरकाकडे पाठवली. वितरकाने लावली. मध्यावर पडदा काळा झाला आणि थरथरणारी अक्षरं आली, थांबा, आणि खाली समोसा.

मराठीत 'थांबा' म्हणणारा, सिनेमे दाखवणारा माणूस सगळ्या अमेरिकेत एकच. न्यूयॉर्कला परत आलेल्या प्रिंटमध्ये पट्टी नव्हती. म्हणजे कॉपी निघाली ती प्रिंट तुझ्या ताब्यात असताना. वितरकाला कोर्टाचीसुद्धा गरज नव्हती. मी तुझ्या बेसमेंटमध्ये होतो तेव्हा त्याचा फोन आला होता. तू फार थोडं बोललास. "प्रिंट माझ्याकडेच होती." मग बराच वेळ ऐकलंस. "नाही, मी कुणाचं नाव सांगणार नाही." फोन ठेवून म्हणालास, "संपलं."

त्यानंतर तुला प्रिंट मिळाली नाही, त्याच्याकडून नाही आणि इतर कुणाकडूनही नाही. मंडळाच्या कमिटीतून तू स्वतःच बाजूला झालास, त्यांना बोलायची वेळ येऊ दिली नाहीस. आणि लोक बोलायला लागले. "मधूने प्रिंट विकली." कुठे बोलत होते? आपापल्या सोफ्यावर बसून, तीच कॅसेट लावून. हा अंक हातात घेतलेल्यांनो, तुम्हीच. तुमच्यातल्या कितीतरी घरांत मी स्वतः ती बघितली आहे. समोसा नाचला की तुम्ही हसायचात, आणि हसणं संपायच्या आत म्हणायचात, बघा, पुरावा.

मी दिलीपच्या दुकानात गेलो होतो हे तुला ठाऊक आहे. काय बोलणं झालं ते मी कधी पूर्ण सांगितलं नाही. तो तांदळाची पोती रचत होता. मी म्हणालो, "तू आईचं नाव सांगून नेलीस."

"आईला दाखवलीच की."

"आणि कॅमेरा?"

तो थांबला नाही, पोतं ठेवून दुसरं उचललं. "वसंता, लंडनहून टेपा येतच आहेत यार. मी नाही केलं असतं तर दुसऱ्याने केलं असतं. हे शाळेतले शो किती दिवस चालणार होते? लोकांना घरी बघायचंय, पायजमा घालून." मग हसून म्हणाला, "मधूला सांग, त्याला कुठलीही कॅसेट फुकट. लाइफटाइम."

माझ्या हातात तेव्हा काही जड नव्हतं, हे त्याचं नशीब.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? त्याचं म्हणणं खरं ठरलं. त्याचं दुकान वाढलं, शेजारी साडीचं आलं, मग सोन्याचं, मग मिठाईचं. शुक्रवारी संध्याकाळी लोक कोथिंबीर, मिरच्या आणि तीन सिनेमे एकाच पिशवीत घालून नेतात. अटलांटाजवळ अल्फारेटाला माझा भाचा राहतो, त्याच्या पोरी कॅसेट मागेपुढे करून नाच बसवतात आणि दिवाळीला अमेरिकन शेजाऱ्यांना बोलावून दाखवतात. शेजारीण मला गाण्याचे शब्द विचारते. एवढा सगळा पसारा, आणि त्याच्या खाली गाडलेला तू.

तुझी-माझी भांडणं याच्यावरूनच व्हायची. मी म्हणायचो, नाव घे. तू म्हणायचास, "कुणासमोर? कशासाठी? लोक सिनेमा बघतायत ना?" मी चिडलो की तू माईंवर यायचास. सिनेमा बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी माईंनी तुला फोन केला होता. सगळी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, नायिकेच्या सासूला शिव्या दिल्या, आणि शेवटी म्हणाल्या, मधू, या देशात आल्यापासून पहिला दिवस चांगला गेला. "आता त्या बाईला सांगायचं की तो चांगला दिवस म्हणजे तुझ्या मुलाची चोरी होती? नाही जमणार मला." मी म्हणायचो, "आणि तुझं काय?" तू म्हणायचास, "माझं चाललंय." मग तू माझ्याकडून शब्द घेतलास. माई आहेत तोवर मी कुठे बोलायचं नाही.

मी शब्द दिला. त्या वयाने मोठ्या, आधी त्याच जातील, असं दोघांनीही धरलं होतं. बर्फ उपसताना तू पडशील हे हिशेबात नव्हतं.

मला तुझाही राग आहे, मधू. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तू मला दुसरी सोय ठेवली नाहीस. तू एका म्हाताऱ्या बाईचा एक दिवस जपलास आणि आपल्या पोरीची सगळी शाळा त्यात गेली. तू दिलीपच्या दुकानातून कोथिंबीर आणत राहिलास. एकदा मी बरोबर होतो. काउंटरवरच्या टीव्हीवर तोच सिनेमा लागलेला, आणि नेमकी पट्टी आली. दिलीपने घाईघाईने कॅसेट पुढे पळवायला बटण दाबलं. तू शांतपणे म्हणालास, "पळवू नकोस. बरी आलीय." आणि कोथिंबिरीची जुडी हातात धरून तुझी अक्षरं बघत उभा राहिलास. दिलीपची मान खाली होती. मी तेव्हा मनात म्हटलं, हा जिंकला. आज वाटतं, जिंकला वगैरे काही नाही. दिलीपने मान वर केली, गिऱ्हाइकाला सुटे पैसे दिले आणि त्याच संध्याकाळी तीच कॅसेट पुन्हा भाड्याने गेली. तुझं मोठेपण त्याला फुकट पडलं.

सभेला स्टॅन आला होता. कोट, टाय, मागच्या रांगेत. दिलीप बोलून बसला तेव्हा त्याने मला हळूच विचारलं, हा काय म्हणाला? मी म्हणालो, चांगलं बोलला. तो म्हणाला, बोलायलाच हवं, असा माणूस होता. मला त्याच्याकडे बघवेना.

त्यानंतर तीन-चार दिवस मी हे पान लिहायला बसायचो आणि उठायचो. शब्द दिलेला. माई आहेत, नव्वदीकडे झुकलेल्या, पण आहेत. शेवटी दुपारी, दिलीप दुकानात असताना, मी त्यांना भेटायला गेलो. तुला दिलेला शब्द मोडायची परवानगी मागायला गेलो, की तो मोडू नये म्हणून कुणीतरी अडवावं यासाठी, हे मलाच माहीत नव्हतं.

त्या खिडकीपाशी खुर्चीत होत्या. "ये. चहा मला जमत नाही, तूच कर. साखर वर आहे." मी चहा केला. त्या म्हणाल्या, "सभेला मला नेलं नाही. जिना चढवत नाही म्हणाला. मधूवर काय काय बोलले?"

"चांगलं बोलले."

"दिलीप?"

मी कपाकडे बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "अंकात तू लिहिणार आहेस म्हणे. खरं लिहिणार का सभेसारखं?"

"माई, काही गोष्टी अशा आहेत..."

"त्या कॅमेऱ्याची ना?"

माझ्या हातातला चहा सांडला. त्यांनी पदराने स्वतःच्या गुडघ्यावरचे थेंब पुसले. "माझ्या खुर्चीच्या मागेच तर लावला होता. मला म्हणाला, आई, मध्ये डोकं हलवू नकोस, आडवं येतं. आणि बोलू नकोस, आवाज टेपवर जाईल. उभ्या जन्मात मी पहिल्यांदा तोंड मिटून सिनेमा बघितला. त्या सासूला एक शिवी देता आली नाही. म्हणून तर दुसऱ्या दिवशी मधूला फोन करून सगळ्या दिल्या."

मी विचारलं, "मग त्याला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? माझा मुलगा चोर आहे? आणि मग राहू कुठे? मिरजेतली खोली विकून आले मी. या घरात दोन वेळचं जेवण मिळतं, औषध मिळतं. भ्याले. वाटलं, मधू सांगेल. तो का नाही बोलला?"

"तुमच्यासाठी."

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. कळलं नसावं असं वाटून मी पुन्हा सांगितलं. तुमचा एक दिवस चांगला गेला होता म्हणून, तो बिघडू नये म्हणून. बाहेर शाळेची पिवळी बस आली, मुलं उतरली, बस गेली. माई म्हणाल्या, "मूर्ख." मग डोळे पुसले. "मूर्ख मेला. मला विचारायचं तरी एकदा."

ऐकलंस, मधू? तुझा-माझा इतक्या वर्षांचा वाद त्यांनी एका शब्दात संपवला, आणि तो तुझ्या बाजूने संपला नाही. तू त्यांना सांभाळून, त्या भिऊन, दोघंही गप्प बसलात आणि मधल्या मध्ये दिलीप जेवला.

मी रोहिणीचं सांगितलं. पार्किंगमधलं सगळं. माईंनी हातातला रुमाल दुमडून ठेवला. मग म्हणाल्या, "लिही. नाव घालून लिही, आडून नको. मी म्हटलंय असं लिही."

"माई, तुम्हाला याच घरात राहायचंय."

"आता राहून किती राहणार? आणि काढतो का बघू दे मला घराबाहेर. मधूच्या नलिनीकडे जाईन, ती ठेवेल." मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. मंडळाचा अंक घरी आला की त्या तो पहिल्या पानापासून वाचतात, मोठ्याने, दिलीप रात्री जेवायला बसला की. तो स्वतः काही वाचत नाही, पण ऐकतो. "आणि ताटावरून मध्येच उठत नाही तो. लहानपणी एकदा उठला होता तेव्हा त्याच्या वडिलांनी दोन दिवस वाढलं नव्हतं. बाकी सगळं विसरला, एवढं राहिलंय. भात वाढला की मी तुझं पान काढीन."

निघताना म्हणाल्या, "वाक्यं छोटी लिही. मला दम लागतो."

रोहिणीला मराठी वाचता येत नाही. तिला मी स्वतः वाचून दाखवणार आहे, वहिनींच्या समोर, आणि जे समजणार नाही ते इंग्रजीत सांगेन. तिने विचारावं तितके वेळा सांगेन. तू रागावशील. रागाव. शब्द मी मोडला, पण ज्यांच्यासाठी दिला होता त्यांना विचारून मोडला. तुला तेवढं सुचलं नाही.

आता माईंना दम लागू नये म्हणून छोटं लिहितो.

प्रिंट दिलीपने मागितली. आईच्या नावाने मागितली. मी ती पोचवली. दिलीपने तिची कॉपी काढली. आई समोर बसलेली असताना काढली. मधूने ती विकली नाही. मधूने काही विकलं नाही. तो दिलीपचं नाव सांगू शकला असता. त्याने सांगितलं नाही. दिलीपने त्याला चोर म्हणवून घेऊ दिलं. मग त्याच्याच शोकसभेत त्याला माफ केलं.

दिलीप, बस. जेवण संपव.

माई, ही वरची ओळ पुन्हा एकदा वाचा.